राधाताईंचा फाब्रिझिओ

बहरीनमध्ये गुदैबियाला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये गजभिये राहायचे. यादवराव एअरकंडिशनिंगच्या कंपनीत टेक्निशियन होते. राधाताई ईसा टाउनच्या भारतीय शाळेच्या बसवर आँटी होत्या आणि त्यांची मुलगी मैत्री त्याच शाळेत आठवीत होती. ते भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे, आम्ही नाशिकचे. पहिल्याच दिवशी जिन्यात ‘जयभीम’ झाला आणि त्यानंतर दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडीच राहायला लागली.

बसवरची आँटी म्हणजे पन्नास पोरांची जबाबदारी. कुणाचा डबा सांडायचा, कुणाला गाडी लागायची, दोन मोठी पोरं मागच्या सीटवर मारामारी करायची. राधाताईंना इंग्रजी पाचसात वाक्यंच यायची. “सीट डाउन”, “नो फायटिंग”, “व्हेअर इज वॉटर बॉटल”. तेवढ्यावर त्यांनी सहा वर्षं काढली आणि एकही पोर चुकीच्या थांब्यावर उतरू दिलं नाही.

शेवटचं पोर पावणेतीनला उतरायचं. तीन वाजता बहरीन टीव्हीच्या इंग्रजी चॅनलवर मंगळवारी फाब्रिझिओ लागायचा. बसचा ड्रायव्हर नजीब केरळचा होता, त्यालाही हे पाठ झालं होतं. मंगळवारी तो सिग्नलवर हॉर्न वाजवत अरबीत घाई करायचा, “यल्ला, यल्ला, राधा बहन का इटली निकल जाएगा.”

फाब्रिझिओ हा लंडनहून कार्यक्रम करणारा इटालियन शेफ होता. डोक्याला टक्कल, मनगटापर्यंत केसाळ हात, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. राधाताई टीव्ही लावल्याबरोबर आवाज बंद करून टाकायच्या. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, “तो बोलते तवा माह्यं लक्ष त्याच्या तोंडाकडे जाते. काम तं हात करून रायले ना.”

त्यांच्या मांडीवर मैत्रीची अर्धी उरलेली वही असायची. त्यातलं एक पान मी पाहिलं होतं. ‘पयले तेल. मग लसूण, लाल नाही होऊ देत. भेदरं कापत नाही, हातानं दाबते. मीठ वरून, लांबून टाकते.’ भेदरं म्हणजे टोमॅटो, हे मला त्या वहीमुळे कळलं. ही भेदरं मग शेवयांवर पडायची. बाजारात इटालियन शेवया मिळायच्या, पण राधाताई आधी काही दिवस घरच्याच वापरत होत्या. यादवराव ताटात येईल ते मुकाट खायचे. वर मिरचीचा ठेचा घ्यायचे आणि म्हणायचे, “चांगली झाली तुह्या फ्रीजभाऊची शेवई.” आयुष्य फ्रीज दुरुस्त करण्यात गेलेल्या माणसाला ‘फाब्रिझिओ’ हे नाव असंच ऐकू येणार.

सत्त्याण्णवच्या फेब्रुवारीत राधाताई एका दुपारी वर्तमानपत्राची पुरवणी घेऊन माझ्याकडे आल्या. बसमधल्या कुणाच्या तरी डब्याला गुंडाळलेली होती, त्यांनी हाताने सारखी करून आणली होती.

“रश्मी, वाच बरं, हे काय लिवलं आहे.”

फोटोत फाब्रिझिओ दात काढून हसत होता. मी वाचलं. शेफ फाब्रिझिओ यांनी बहरीनमध्ये अदलियाला आपलं रेस्टॉरंट उघडलं होतं. फार थाटामाटाचं नाही, घरच्यासारखं. टाय न लावता यावं, मुलंबाळं घेऊन यावं, असं त्यांनी स्वतः म्हटलं होतं.

“अदलिया म्हणजे आपलं अदलिया?” राधाताईंनी विचारलं.

“आपलंच. इथून चालत वीस मिनिटं.”

त्या खुर्चीवर बसल्या. मग पुरवणीची घडी घातली आणि घरी गेल्या.

संध्याकाळी यादवराव कामावरून आले तेव्हा मी तिथेच होते. राधाताईंनी फोटो पुढे धरला. यादवरावांनी पाहिला, बेसिनवर हात धुतले, टॉवेलला पुसले आणि म्हणाले, “हे तं आमचंच काम होय. तीन महिने तिथंच होतो मी. कोल्ड रूम बसवली, डक्ट टाकले.”

“तीन महिने?”

“हो ना.”

“आन् मले सांगतलं नाई?”

“मले काय मालूम हाच तुहा फ्रीजभाऊ होय म्हणून. मी कवा पाह्यला त्याले टीव्हीवर? मंगळवारी मी कामावर रायतो. तिथं समदे त्याले शेफ म्हणत.”

“तो आलता तिथं?”

“आलता ना. थंडी बरोबर आहे का पाहाले कोल्ड रूममधी येऊन उभा रायला. थँक यू म्हणे.”

राधाताई दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. म्हणजे भाजी वाढू का, एवढं विचारत होत्या. तिसऱ्या दिवशी यादवराव आमच्याकडे येऊन बसले. प्रबुद्ध, म्हणजे माझा नवरा, घरीच होता.

“जायचं म्हणते ती,” यादवराव म्हणाले.

“मग न्या की,” प्रबुद्ध म्हणाला.

“नेतो. नाई म्हटलं नाई मी.” पण ते उठेनात. हातातला चहाचा कप त्यांनी बराच वेळ तसाच धरून ठेवला होता.

मला त्यांची एक सवय माहीत होती. यादवराव बाहेर कुठेही खात नसत. पंचतारांकित हॉटेलात काम असलं आणि तिथल्या कँटीनमध्ये फुकट जेवण असलं, तरी स्वतःचा डबा घेऊन गाडीत बसून खायचे. मी त्याला काटकसर समजत होते. त्या संध्याकाळी त्यांनी आपणहून सांगितलं.

पवनीला लहानपणी ते वडिलांबरोबर बाजाराला जात. चहाच्या टपरीवर त्यांच्यासाठी वेगळा कप असायचा, टपरीच्या वळचणीला खोचलेला. वडील तो काढायचे, विसळायचे, बाहेर उकिडवे बसून चहा प्यायचे, परत विसळून तिथेच खोचायचे. पुढे आयटीआय करून यादवराव नागपूरला नोकरीला लागले. पहिल्या पगाराच्या दिवशी एका हॉटेलात गेले, खुर्चीवर बसले.

“कोणी काई म्हटलं नाई वहिनी. सगळ्यायले होता तसाच कप आला मले. पण चहा गळ्याखाली उतरेच ना. आता कोणीतरी येईन आन् ऊठ म्हणन, असंच वाटत रायलं. तवापासून नाई जात मी. माह्याच डोक्यातलं आहे, मले समजते. कोणाची चुकी नाई.”

प्रबुद्धने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी दुपारी जायचं ठरलं. मी फोन करून टेबल राखून ठेवायला सांगितलं. प्रबुद्धची शिफ्ट होती, पण राधाताई मला सोडायला तयार नव्हत्या. “मेनू कोण वाचन?” मैत्री वाचेल म्हटलं, तर म्हणाल्या, “ते वाचते, पण समजावून सांगत नाई.”

त्या आठवड्यात राधाताईंनी मैत्रीकडून एक वाक्य घोटून घेतलं. फाब्रिझिओ भेटला तर त्याला सांगायचं होतं, की मला तुमची भाषा येत नाही, पण तुमचे हात मला समजतात. मैत्री तेरा वर्षांची, तिला घरच्यांचं सगळंच लाजिरवाणं वाटायचं वय. ती म्हणाली, “मम्मी, नोबडी टॉक्स लाइक दॅट टू अ शेफ.” पण तिने कागदावर मोठ्या देवनागरी अक्षरांत लिहून दिलं. ‘आय डोन्ट नो युवर इंग्लिश, बट आय अंडरस्टँड युवर हँड्स.’ राधाताई बसमध्ये, पोरं उतरून गेल्यावर, ते म्हणून बघायच्या. नजीबने त्यांना ‘हँड्स’मधला ‘ड’ नीट म्हणायला लावला होता.

शुक्रवारी त्यांनी माहेरची करवतकाठी साडी नेसली. यादवरावांनी इस्त्रीचा फुलशर्ट घातला. अदलियाच्या त्या गल्लीत शिरलो आणि यादवराव सवयीने इमारतीच्या बाजूच्या बोळाकडे वळले. मागचं दार तिकडे होतं. मैत्रीने त्यांच्या बाहीला धरून ओढलं.

“पप्पा, दिस वे.”

दाराशी फाब्रिझिओचा माणसाएवढा पुठ्ठ्याचा पुतळा हातात झारा घेऊन उभा होता. राधाताईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. “लय उंच दाखवला,” त्या म्हणाल्या.

आत लाल चौकटींच्या कापडांची लाकडी टेबलं होती. भिंतीवर कांद्यालसणाच्या माळा टांगल्या होत्या. एका बाजूला उघडं स्वयंपाकघर, त्यात भट्टी. गोरी माणसं होती, दोन बहरीनी कुटुंबं होती, एका टेबलावर केरळी डॉक्टर मंडळी होती. आम्हाला कोपऱ्यातलं टेबल मिळालं. यादवराव खुर्चीच्या अगदी काठावर बसले आणि वर छताकडे बघायला लागले. “हवा बरोबर येऊन रायली,” म्हणाले.

एवढ्यात मॅनेजर आला. सूट घातलेला, घाईतला माणूस. यादवरावांना बघून थांबला आणि इंग्रजीत म्हणाला, “यादव, तू आज कसा? कोल्ड रूमला काही झालं का? मागून यायचं ना, इथे पाहुणे बसलेत.”

त्याच्या बोलण्यात वाईट काही नव्हतं. त्याला खरोखरच तसं वाटलं होतं. पण यादवराव ताडकन उभे राहिले. मी राधाताईंकडे पाहिलं. त्यांना इंग्रजी कळलं नव्हतं, पण नवरा उभा राहिला हे कळलं होतं. त्यांनी हळूच त्याच्या शर्टाला हात लावला. मैत्रीने मान खाली घातली होती.

यादवराव काही क्षण तसेच उभे राहिले. मग म्हणाले, “नो सर. कोल्ड रूम ओके. टुडे फॅमिली. टुडे आय ईट.”

आणि खाली बसले. या खेपेला खुर्चीत मागे टेकून बसले.

मॅनेजरचा चेहरा लाल झाला. तो दोनदा सॉरी म्हणाला, मैत्रीची खुर्ची सारखी केली, स्वतः जाऊन पाणी आणि ब्रेडची टोपली घेऊन आला. यादवरावांनी ब्रेडचा तुकडा मोडला आणि खाल्ला. मी त्यांच्या गळ्याकडे बघत होते, हे आता सांगायला हरकत नाही. घास सरळ खाली गेला.

मी मेनू वाचला, समजावून सांगितला. मैत्रीने पिझ्झा मागितला. राधाताईंनी विचारलं, मंगळवारी केला होता तो भेदराचा पास्ता आहे का. होता. मग त्यांनी वाढणाऱ्या फिलिपिनो मुलीला खूण करून जवळ बोलावलं, पर्समधला कागद काढला आणि विचारलं, “शेफ फाब्रिझिओ?”

ती मुलगी गोड हसली. शेफ उद्घाटनाला आले होते, म्हणाली, पण लगेच लंडनला परत गेले. पुढच्या वर्षी येतील, इंशाल्ला.

मी मराठीत सांगितलं. राधाताई “बरं” म्हणाल्या. कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली, पर्सची चेन लावली, परत उघडली, परत लावली. “मी येडीच,” म्हणाल्या. “टीव्हीवरचा माणूस इथं कायले थांबन?”

आम्ही काहीबाही बोलत राहिलो. मग यादवराव उठले आणि कुणाला न विचारता स्वयंपाकघराच्या दारातून आत गेले. तिथे कुठून जायचं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. राधाताई घाबरल्या. “आता हे कुठं चालले?”

पाच मिनिटांनी ते बाहेर आले. बरोबर पांढरा कोट घातलेला, पन्नाशीचा, सावळा, बुटका माणूस होता. कोटावरच्या पट्टीवर ‘बी. तुस्कानो’ लिहिलेलं. तो हात पुसत आमच्या टेबलापाशी आला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, “नमस्कार ताई. मी बर्नार्ड. तुमचा पास्ता मीच करतोय.”

राधाताई बघतच राहिल्या. “तुमी इटलीचे नाई?”

“मी वसईचा,” बर्नार्ड म्हणाले. “आमच्याकडे तुस्कानो खूप आहेत. इथले लोक पट्टी वाचतात आणि विचारतात, इटलीत कुठल्या गावचा? मी सांगतो, समुद्राजवळचा.”

यादवराव हसले. कोल्ड रूम बसवताना तीन महिने हे दोघं रोज भेटत होते, बर्नार्डना त्यांचा डबाही माहीत होता. बर्नार्ड म्हणाले, “हे आत येऊन म्हणाले, माझी बायको नाराज झालीय, जरा चला. मी म्हटलं, इतक्या दिवसांत यांनी पहिल्यांदा काही मागितलं.”

मग मैत्री बोलली. आमच्याशी बोलताना कधी मराठीत उत्तर न देणारी मुलगी, त्या अनोळखी माणसाला म्हणाली, “काका, मम्मीला त्या शेफला काहीतरी सांगायचं होतं. तिला इंग्लिश नाही येत, पण ती त्याचे हात बघून शिकली. सगळं. आवाज बंद करून.”

बर्नार्डनी राधाताईंकडे बघितलं. “ताई, आम्हीही तसेच शिकलो,” ते म्हणाले. “उद्घाटनाआधी पंधरा दिवस तो आमच्या शेजारी उभा होता. आमच्यात दोन फिलिपिनो, दोन बांगलादेशी, एक श्रीलंकेचा आणि मी. टीव्हीवर किती बोलतो तो, पण घाईत त्याचं इंग्रजी कुणाला कळेना. शेवटी आमचा हात धरायचा आणि फिरवायचा. चुकलं की बोटावर टिचकी मारायचा.”

राधाताई एवढ्या मोकळ्या हसल्या की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वळून पाहिलं.

पास्ता आला. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, मग म्हणाल्या, “लसूण माह्याहून कमी आहे.” दुसऱ्या घासानंतर म्हणाल्या, “कमीच बरोबर आहे.” यादवरावांनी ठेचा नसतानाही पूर्ण बशी संपवली.

गर्दी ओसरल्यावर बर्नार्डनी त्यांना भट्टीपाशी बोलावलं. तिथे पिझ्झाच्या पिठाचे गोळे ओल्या फडक्याखाली ठेवले होते. बर्नार्डनी एक गोळा घेतला, थापला, दोन मुठींवर फिरवत फिरवत मोठा केला. राधाताईंचे हात आपोआप वर आले.

“आमच्याकडं लांब रोटी करते माय,” त्या म्हणाल्या. “अशीच हातावर वाढवतो आमी. मग पालथ्या मडक्यावर टाकतो. मी करू का?”

बर्नार्डनी गोळा पुढे केला.

मला वाटलं आता कमाल होणार. तसं काही झालं नाही. लांब रोटीचं पीठ सैल असतं, आपटून आपटून तार सुटेपर्यंत मळलेलं. ते हातावरून ओघळत लांबतं. हे पीठ घट्ट होतं. राधाताईंनी पवनीच्या पद्धतीने दोन्ही हातांवर ते झुलवलं तर एका बाजूला नुसतं लोंबायला लागलं, मधे पातळ झालं आणि भोक पडलं. त्यांनी ते भोक चिमटीने मिटवलं, तर शेजारी दुसरं पडलं.

“हे ऐकत नाई माह्यं,” त्या म्हणाल्या. “पाणी कमी आहे यात.”

“पाणी बरोबर आहे ताई. हात वेगळे आहेत,” बर्नार्ड म्हणाले. त्यांनी तो वेडावाकडा पापुद्रा तसाच फळीवर घेतला, वर थोडं तेल आणि मीठ टाकून भट्टीत सरकवला. बाहेर आला तो एका टोकाला करपलेला आणि दुसऱ्या टोकाला जाड. आम्ही सगळ्यांनी उभ्या उभ्या तोडून खाल्ला. करपलेलं टोक यादवरावांनी घेतलं. मॅनेजरही येऊन एक तुकडा घेऊन गेला. चव मात्र फार चांगली होती. भूक असताना घरी पोळी करपते आणि आपण ती तशीच खातो, तशी.

निघताना यादवरावांनी बर्नार्डना पुढच्या शुक्रवारी जेवायला बोलावलं. बर्नार्ड बायकोला घेऊन आले. मॅगी हॉस्पिटलात नर्स होती, बोलायला मोकळी, हसायला त्याहून मोकळी. राधाताईंनी त्यांच्यासाठी सावजी मटण केलं. दोघांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण दोघांनी परत मागून घेतलं. मग दर महिन्याला कधी इकडे, कधी तिकडे. पुढच्या वर्षीच्या भीमजयंतीला आम्ही एक हॉल घेतला होता, तिथे दीडशे माणसांची डाळ बर्नार्डनी ढवळली.

अदलियाचं ते रेस्टॉरंट दोन वर्षं चाललं. पुढच्या वर्षी येणारा फाब्रिझिओ काही आला नाही. टीव्हीवरचा त्याचा कार्यक्रम बंद झाला आणि त्या वेळेला कार्टून लागायला लागलं. राधाताईंनी फार मनावर घेतलं नाही. तोपर्यंत त्यांना बस सोडावी लागली होती, कारण गुडघे दुखायला लागले होते आणि पन्नास पोरांच्या मागे चढउतर होईना. मॅगीने आपल्या हॉस्पिटलच्या किचनमध्ये विचारून पाहिलं. तिथे मदतनीस हवी होती. मुलाखतीत त्यांना इंग्रजीत विचारलं, काय काय करता येतं. राधाताईंनी मॅगीकडे पाहिलं आणि मग सुरी उचलून कांदा कापून दाखवला. त्यांना दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं.

नव्याण्णवच्या जानेवारीत माझं पित्ताशयाचं ऑपरेशन तिथेच झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रॉलीचा आवाज आला आणि हिरव्या टोपीत केस कोंबलेल्या राधाताई सुपाचा वाडगा घेऊन आत आल्या. रुग्णांना जेवण देणं हे खरं तर त्यांचं काम नव्हतं. त्यांनी पलंगाचं डोकं उचलून दिलं, माझ्या गळ्याशी रुमाल लावला.

“फिक्कं आहे,” त्या म्हणाल्या. “हे लोक मीठ टाकू देत नाईत. पण गाजर म्या स्वतः कापलं. खा.”

मी म्हटलं, भूक नाही.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. ट्रॉली दारात अडकली होती, मागून कुणीतरी ‘यल्ला, यल्ला’ म्हणत होतं. त्यांनी तिकडे लक्षही दिलं नाही. मी अर्धा वाडगा संपवेपर्यंत तिथेच बसून राहिल्या. मग उठल्या आणि मैत्रीच्या दहावीच्या अभ्यासाबद्दल काहीतरी सांगत ट्रॉली ढकलत पुढच्या खोलीत गेल्या.